डेंग्यू मागे पडला, वसई राहिली

वसईच्या किल्ल्यावर कुणी जरा गंभीरपणे लिहायला बसलं की तळटीपेत एक नाव येतंच. होळी आणि झेंडा बाजार मागे टाकून किल्ल्यात शिरल्यावर जी पडकी चर्चं दिसतात, त्यांतल्या थडग्यांवर आणि दरवाजांवर कोरलेले पोर्तुगीज व लॅटिन लेख एका माणसाने उतरवून घेतले, त्यांचा इंग्रजी अर्थ लावला आणि १८७६ साली चौल व वसईच्या इतिहासावरच्या पुस्तकात छापले. त्यांचं नाव डॉ. जोसे गर्सन द कुन्हा. पुस्तकाला आता दीडशे वर्षं होत आली, तरी वसईवरचा नवा प्रबंध असो की वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प, त्यांच्या पुस्तकाचा आधार घेतल्याशिवाय पान पुढे जात नाही.

हे द कुन्हा इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. बारदेशातल्या हडफडे गावी १८४४ मध्ये जन्मलेले हे गोमंतकीय गृहस्थ पेशाने डॉक्टर होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्य, एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे लायसेन्शिएट, आणि मुंबईत दवाखाना चालवणारे. आज एखाद्या वैद्यकीय संशोधकाचं मूल्यमापन करायचं झालं, तर पहिला प्रश्न येतो की पेपर किती आणि सायटेशन किती, म्हणजे छापलेलं किती आणि त्याचा उल्लेख पुढे किती जणांनी केला. हाच प्रश्न द कुन्हांच्या कामाला लावून पाहिला, तर सायटेशन म्हणजे नक्की काय आणि ते काय सांगू शकत नाही, हे चांगलं उलगडतं.

त्यांची यादी मोठी आहे. १८७२ मध्ये डेंग्यूवर पुस्तक. १८७५ मध्ये श्रीलंकेतल्या बुद्धाच्या दंतावशेषावर निबंध. १८७६ मध्ये चौल आणि वसई. १८७७ मध्ये स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडाची संपादित संस्कृत संहिता. १८८० च्या आसपास पोर्तुगीज भारतातल्या नाण्यांवर लेखन, १८८१ मध्ये कोकणी भाषा आणि वाङ्मय, आणि १९०० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, मुंबईच्या उगमावरचा मोठा ग्रंथ. यातलं निखळ वैद्यकीय म्हणावं असं पुस्तक एकच, ते डेंग्यूवरचं. डॉक्टर म्हणून त्यांचा जो विषय होता तो मागे पडला, आणि फावल्या वेळात केलेलं काम आजही जिवंत आहे.

असं का झालं, याचं कारण पुस्तकाच्या दर्जात नाही. १८७० नंतर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एडनमार्गे तापाची एक साथ हिंदुस्थानात आली आणि मुंबईभर पसरली. सांधे आखडायचे, अंगावर पुरळ यायचं, माणूस वाकूनच चालायचा. द कुन्हांनी त्या साथीच्या काळातच तिचा इतिहास, लक्षणं आणि उपचार लिहून काढले. पण तेव्हा डास हा शब्द या तापाशी जोडलेलाच नव्हता. ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्ट यांनी १९०६ मध्ये डासाकडे बोट दाखवलं, आणि विषाणू हाती लागायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्यानंतर डेंग्यूवर लिहिणाऱ्याने १८७२ च्या पुस्तकाकडे वळायचं कारणच उरलं नाही. वैद्यकात नवं ज्ञान जुन्याला गिळून टाकतं. इतिहासात तसं होत नाही. झिजत चाललेल्या दगडावर १८७६ मध्ये काय वाचता येत होतं, याची नोंद जुनी होते तशी मोलाची होत जाते.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. १९५० च्या दशकात आताच्या टांझानियात चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. १९७१ मध्ये डोनाल्ड केरी या संशोधकाने असं मांडलं, की पूर्वी डेंग्यू म्हणून नोंदवलेल्या काही साथी, त्यांत १८७० च्या दशकातलीही, खरं तर चिकुनगुनियाच्या असाव्यात. सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळल्याची वर्णनं त्याकडे बोट दाखवत होती. प्रयोगशाळा नसलेल्या काळातल्या डॉक्टरांनी नाव चुकीचं दिलं असेल, पण रोगी नीट पाहिला होता, म्हणून शंभर वर्षांनी ती वर्णनं पुन्हा कामाला आली. सायटेशनच्या हिशेबात अशी दीर्घ झोप जवळजवळ पकडली जात नाही, कारण बहुतेक मोजमापं दोन-पाच वर्षांपुरतं बघतात.

आता ही मोजमापं येतात कुठून? १९५५ मध्ये युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. अमेरिकेतले वकील 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची वापरत. एखादा न्यायनिवाडा पुढे कोणत्या खटल्यांत उचलून धरला गेला आणि कुठे फेटाळला गेला, ते तिच्यात कळे. गारफिल्ड म्हणाले, विज्ञानालाही अशी सूची हवी. एखाद्या पेपरनंतर त्याचा हात धरून कोण कोण पुढे गेलं हे कळलं, तर ग्रंथालयात अंधारात चाचपडावं लागणार नाही आणि चुकीच्या निष्कर्षावर इमले चढणार नाहीत. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ही सूची प्रत्यक्षात आणली. मुळात ते शोधण्याचं साधन होतं. त्याचा तराजू नंतर झाला.

पहिला तराजू इम्पॅक्ट फॅक्टर. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत दोनशे लेख छापले आणि या वर्षी त्या लेखांचे सहाशे उल्लेख झाले, तर त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर तीन. हा आकडा नियतकालिकाचा असतो, लेखाचा किंवा डॉक्टरचा नव्हे. त्या सहाशेतले चारशे उल्लेख दोनच लेखांनी मिळवलेले असू शकतात. तरीही मुलाखतीच्या टेबलावर तो आकडा उमेदवाराच्या नावावर जमा केला जातो.

दुसरा तराजू एच-इंडेक्स. तो २००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. एखाद्याचे निदान दहा पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान दहा उल्लेख मिळालेत, पण अकरा पेपरना अकरा-अकरा उल्लेख नाहीत, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. नुसते पेपर वाढवून हा आकडा वाढत नाही आणि एकाच गाजलेल्या पेपरवर तो फुगतही नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. मात्र वयानुसार तो फक्त वरच जातो, आणि एका विषयातला आकडा दुसऱ्या विषयातल्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

ज्याने आयुष्यात एकच गोष्ट लिहिली आणि ती जगभर गेली, त्याचा एच-इंडेक्स किती? एक. त्या एकमध्ये काय काय मावू शकतं ते बघायला वसईच्याच हद्दीतल्या आणखी एका डॉक्टरकडे जावं लागतं.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना तहात दिली, आणि वसईच्या अखत्यारीतलं मुंबई बेट पुढे काही काळ ऑर्ताकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यात एक पुस्तक छापलं: हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांवर दोन वैद्यांमधले संवाद. पटकीचं, आपल्या बोलीतल्या मोडशीचं, तपशीलवार वर्णन त्यात आहे. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचा उल्लेख आहे. वसई प्रांतात जमीन कसणारे कोण, बागा लावणारे कोण, सारावसुली करणारे कोण, हेही ओघात आलेलं आहे. पुस्तक मात्र पोर्तुगीजमध्ये होतं, आणि युरोपातल्या विद्वानांची भाषा लॅटिन होती.

ते पसरलं दुसऱ्याच माणसामुळे. शार्ल द लेक्लूझ, ज्याला लॅटिनमध्ये क्लूसियस म्हणतात, त्याला पुस्तकाची प्रत पोर्तुगालच्या प्रवासात मिळाली. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर आटोपशीर केला, टिपा जोडल्या आणि १५६७ मध्ये अँटवर्पला लॅटिन आवृत्ती काढली. ऑर्ताचं नाव त्याने पुसलं नाही, उलट ठळकपणे दिलं. त्या लॅटिन पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, इतर भाषांत अनुवाद झाले, आणि युरोपात आले-मिरी-जायफळापासून भांगेपर्यंत कशावरही लिहिताना ऑर्ता उद्धृत होऊ लागला. गोव्यात मात्र इन्क्विझिशनने १५८० मध्ये ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक युरोपभर गेलं ते त्याच्या गुणामुळे, आणि तितकंच एका प्रामाणिक संपादकामुळे आणि एका भाषेमुळे. सायटेशनचा आकडा बघताना हे तिन्ही घटक त्यात मिसळलेले असतात हे लक्षात ठेवायला हवं. ज्यांच्याकडून ऑर्ताने ऐकलं, त्या मालुपासारख्या वैद्यांचं आणि बाजारातल्या औषध विकणाऱ्यांचं खातंच कुठे उघडलं गेलं नाही. द कुन्हांनी मात्र मुंबईवर लिहिताना ऑर्ताला मानाने जागा दिली. एका डॉक्टरने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या डॉक्टरचं ऋण मान्य केलं, आणि तो उल्लेख आजच्या कुठल्याही संगणकीय सूचीत मोजला जात नाही.

या कसोट्या कोकणातल्याच आजच्या डॉक्टरला लावून बघू. वसईपासून खाली दक्षिणेला महाड. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. भातशेती, जांभ्या दगडाचे बांध, पावसाच्या तोंडावर रचलेला पेंढा, आणि त्यात लाल विंचू. धडधाकट माणूस संध्याकाळी डंख घेऊन यायचा आणि काही तासांत तोंडाला फेस येऊन, फुप्फुसात पाणी भरून जायचा. मुलं तर जास्तच. कोकणातल्या विंचूदंशावर डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं, पण उपचाराची वाट सापडलेली नव्हती. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत.

बावस्करांनी पहिलं काम केलं ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहण्याचं. डंखानंतर उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही लक्षणं दिसली, तर पुढे हृदयावर आघात होणार, हे त्यांनी नोंदींच्या आधारे मांडलं. तो पेपर १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. खेड्यातल्या डॉक्टरला त्यातून एक फार मोलाची गोष्ट मिळाली: कोणता रुग्ण घरी पाठवायचा आणि कोणाला रात्रभर नजरेखाली ठेवायचं, हे ओळखण्याची खूण.

मग त्यांनी एमडी केलं, महाडलाच परतले आणि विषाच्या कार्यपद्धतीचा माग काढला. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांवरचे सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. त्यामुळे अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं एक औषध रक्तदाबासाठी बाजारात होतंच: प्राझोसिन. साध्या गोळ्या, स्वस्त, तोंडाने देता येणाऱ्या. त्यांनी त्या वापरून पाहिल्या, आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. गंभीर रुग्णांतला मृत्यूचा वाटा पुढे एक टक्क्याच्या आसपास आला.

त्यांच्या प्रकाशनांच्या यादीत मला सगळ्यांत जास्त भावतो तो २०११ चा पेपर. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. विंचवाच्या विषावरची प्रतिलस तोवर उपलब्ध झाली होती, आणि ज्या माणसाचं नाव प्राझोसिनशी जोडलं गेलं होतं त्यानेच नुसतं प्राझोसिन पुरेसं आहे का, हे तपासायला घेतलं. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखी ३५-३५ ची विभागणी. प्रतिलस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८ जण. स्वतःच्या जुन्या कामापेक्षा चांगला उपचार आहे, हे त्यांनी स्वतः सिद्ध करून छापलं. २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने विंचूदंशावरचा आढावा ऑस्ट्रेलियाचे जेफ्री इस्बिस्टर आणि बावस्कर यांच्याकडून लिहवून घेतला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही या कामाची सायटेशन हृदयविकाराच्या किंवा कर्करोगाच्या गाजलेल्या पेपरांच्या शेजारी ठेवली तर लहानच दिसतात, आणि ती तशीच दिसणार. उल्लेख करायला लेखक लागतात. शिप्पो आणि गोइफों या फ्रेंच संशोधकांच्या २००८ मधल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी बारा लाखांहून अधिक विंचूदंश होतात आणि तीन हजारांहून अधिक माणसं दगावतात. ती माणसं उत्तर आफ्रिकेत, पश्चिम आशियात, मेक्सिको-ब्राझीलमध्ये आणि आपल्या कोकणात, शेतात राबणारी. त्यांच्या आजारावर संशोधन करणारे थोडे, पैसा त्याहून थोडा, म्हणून पेपर थोडे आणि पेपरांतले उल्लेखही थोडे. प्राझोसिनची गोळी देणारा आरोग्य केंद्रातला डॉक्टर पेपर लिहीत नाही, त्यामुळे त्याने दिलेली दाद कुठल्याच सूचीत उमटत नाही. ज्या विषयात रोगी गरीब असतो त्या विषयाचा आकडाही गरीब राहतो, आणि तो आकडा बघून पुढचा तरुण संशोधक दुसरा विषय निवडतो. मला या सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

उलट्या टोकालाही एक उदाहरण मुंबईचंच आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. यशवंत भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना असं रक्त आढळलं जे कुणाच्याच रक्ताशी जुळेना. ओ गटाशीही नाही. लंडनच्या तज्ज्ञांसह त्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन पानांत ते मांडलं. आज जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात, आणि रत्नागिरी-सातारा-सांगलीकडच्या रक्तपेढ्या अशा दुर्मीळ दात्यांची नावं जपून ठेवतात. पण शोध पाठ्यपुस्तकात गेला, शोधालाच नाव पडलं, की मूळ पेपरचा उल्लेख करायची गरज लोकांना वाटेनाशी होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद केली होती: काम इतकं सर्वांचं होतं की कर्ता पुसला जातो.

आकड्यांचं ओझं आता वैद्यकीय महाविद्यालयांवर उघड दिसतं. बढतीसाठी पेपर हवेत, अशी अट आहे. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या, तेव्हा २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ५७.३ टक्के संस्थांतून एकही पेपर निघाला नव्हता. एका बाजूला हे मौन, आणि दुसऱ्या बाजूला पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून हजारो नियतकालिकं एका फटक्यात वगळावी लागली. मोजणी सुरू झाली की मोजण्याजोगं तेवढं पिकवलं जातं. आपलेच जुने पेपर उद्धृत करायचे, मित्रांनी एकमेकांचे करायचे, एका अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन ठिकाणी छापायचे. यातून रोगी बरा होत नाही.

मोजूच नये असं मी म्हणत नाही. सायटेशन नसती तर बिरवाडीतल्या डॉक्टरचं म्हणणं ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं हे आपल्याला दाखवता आलं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ च्या अखेरीस जमलेल्या संपादक-संशोधकांनी एक जाहीरनामा तयार केला, तो आता 'डोरा' या नावाने ओळखला जातो. त्यांचं म्हणणं साधं आहे: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची नेमणूक किंवा बढती ठरवू नका, काम वाचा.

पालघर जिल्ह्यात हे वाचण्याचं काम फार दूरचं नाही. जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रांत सापविंचू, कुपोषण, लेप्टोस्पायरोसिस, बाळंतपणातली गुंतागुंत हे रोजचं आहे, आणि वसई-विरारच्या दवाखान्यांत दर पावसाळ्यात द कुन्हांनी पाहिला तसा तापाचा रोगी आणि बावस्करांना परिचित असा श्रमिक रोगी, दोघेही येतात. तिथल्या तरुण डॉक्टरने डंखाची वेळ, पोचायची वेळ, हातपाय कधी गार पडले, कोणती गोळी किती वाजता दिली, एवढं शंभर रुग्णांबाबत सलग लिहिलं, तर तो पेपर होऊ शकतो. बढतीच्या अर्जात पेपरांच्या संख्येशेजारी एक रकाना वाढवावा: या कामानंतर तुमच्या किंवा दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोणता उपचार बदलला, आणि ते कोण सांगेल? तिथे 'लॅन्सेट'चं नाव लिहिता येईल, आणि शेजारच्या तालुक्यातल्या परिचारिकेचंही.